जांबोटीची क्वालिस आणि खाली बसणारा क्लच

क्लचच्या तक्रारी दोन जातींच्या असतात आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. एकीत क्लच धरत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानानं पळत नाही. चढावर तर लगेच कळतं. दुसरीत क्लच सोडत नाही. पेडल पार तळाला गेलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून राहतात, पहिला गिअर पडताना अडतो आणि रिव्हर्स करकरतो. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा प्लेटमध्ये (इंजिनाला घासून धरणारी चकती) नाहीतर प्रेशर प्लेटमध्ये (ती चकती दाबून ठेवणारी) निघतं. दुसरीसाठी आधी बॉनेट उघडायचं. गाडीखाली शिरायचं ते त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की चांगला चाललेला गिअरबॉक्स विनाकारण जमिनीवर येतो आणि मजुरी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसते.

इथं मांडतोय ते प्रकरण दुसऱ्या जातीचं. गाडी टोयोटा क्वालिस, २००४ ची, डिझेल, केए-२२ पासिंग. मालक जांबोटीकडचे निवृत्त शिक्षक. आमच्या बेळगावच्या गॅरेजमध्ये सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. क्वालिस भारतात २००० साली आली, २००५ साली बंद झाली आणि तिच्या जागी इनोव्हा आली, म्हणजे ही गाडी शेवटाकडच्या लॉटमधली. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत गुरुजींनी ती ठेवलीय. सौंदत्तीच्या यल्लमाला, जोतिबाला, पाहुण्यांच्या लग्नाला आणि हंगामात काजूची पोती न्यायला हीच एक गाडी. विका म्हटलं की ते विषय बदलतात.

तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "सकाळी पहिल्यांदा गिअर पडंना झालाय रे. दोन-तीनदा पाय मारला की पडतोय. गोवावेसला गर्दीत अडकलो की परत तेच. रिव्हर्स तर नुसता करकर करतोय."

त्याआधी एका गॅरेजमध्ये त्यांना 'पूर्ण क्लच सेट' सांगितला होता: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, वर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी. सांगणाऱ्याला अगदीच वेडा म्हणता येत नाही. एवढ्या जुन्या गाडीची प्लेट कधीतरी जाणारच, आणि क्वालिससारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स खाली घेणं हे रोजचंच काम आहे. पण तक्रार प्लेटशी जुळत नव्हती. मी एकच विचारलं, "गुरुजी, परवा गोव्यातल्या साखळीहून येताना चोर्ल्याचा घाट चढलात, तेव्हा इंजिन नुसतंच ओरडलं का?"

"छे! पाच माणसं, मागं सामान, गाडी झकास चढली की."

इथंच प्लेट बरीचशी बाजूला पडते. घाटात भार घेऊन जी प्लेट घसरत नाही, ती धरतेय. राहिला प्रश्न सोडण्याचा. आणि दोन-तीनदा पाय मारल्यावर गिअर पडतो, ही खूण तर फारच बोलकी. प्लेट वाकली असेल किंवा पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) अडकलं असेल, तर पेडल दहा वेळा मारा, फरक पडत नाही. पंप करून फरक पडतो तो फक्त पेडल आणि फोर्क (क्लच सोडवणारा काटा) यांच्या मधल्या तेलात. एकतर तिथं हवा शिरलीय, नाहीतर तेल जायला नको तिथून निसटतंय.

ओली चटई

क्वालिसचा क्लच हायड्रॉलिक आहे. पेडलमागं, इंजिनच्या बाजूच्या पत्र्याला, मास्टर सिलिंडर. गॅरेजच्या भाषेत 'वरचा'. गिअरबॉक्सच्या अंगाला बाहेरून लावलेला स्लेव्ह सिलिंडर म्हणजे 'खालचा'. मधे लोखंडी पाइप आणि एक रबरी होज. पाय दाबला की वरचा तेल ढकलतो, त्या तेलानं खालच्याची दांडी बाहेर येते, ती फोर्कला रेटते आणि क्लच सुटतो. क्लचच्या तेलाची बाटली ब्रेकच्या बाटलीपासून वेगळी, लहानशी, वरच्या सिलिंडरवरच बसवलेली. तेल कमी झालं म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागेल, अशी सोय तिला नाही. वाकून बघावं लागतं आणि ते कोणी बघत नाही.

बाटलीत तेल खालच्या रेषेच्याही खाली होतं, रंगानं काळपट. गुरुजींनी मधे एकदा भरून घेतलं होतं. म्हणजे ते कुठंतरी जात होतं. खालच्या सिलिंडरचं रबरी बूट मागं सरकवून पाहिलं. आत थोडी काळी ओल होती, पण थेंब गळावा इतकी नाही. ज्यांची चौकशी इथं थांबते ते खालचा बदलून मोकळे होतात.

मी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. गुरुजी म्हणाले, "अरे, ती पावसाची ओल आहे. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे." ठाऊक आहेच. जांबोटी, कणकुंबी म्हणजे जिल्ह्यातला मोठ्या पावसाचा पट्टा. जून ते सप्टेंबर तिकडून येणारी एकही गाडी आतून कोरडी नसते. पण पावसाचं पाणी दोन दिवस ऊन मिळालं की वाळतं. ही ओल फक्त क्लच पेडलच्या खाली होती, ब्रेकच्या खाली नाही, आणि बोटाला बुळबुळीत लागत होती. टॉर्च घेऊन डॅशखाली डोकं घातलं तर पेडलच्या दांडीवरचा रंग पापुद्रे सुटून निघालेला, आणि मास्टरची दांडी जिथं पत्र्यातून आत येते त्याच्या खाली रंग उडून नुसता पत्रा उघडा. क्लचमध्येही ब्रेक फ्लुइडच असतं, आणि ते रंग खातं. पाण्यानं रंग असा निघत नाही.

वरच्या सिलिंडरच्या पिस्टनवर दोन सील असतात. पुढचं दाब तयार करतं. मागचं तेलाला केबिनमध्ये येऊ देत नाही. मागचं गेलं की चटई ओली होते आणि तेल कमी होतं. पुढचं गेलं की बाहेर एक थेंबही दिसत नाही, तेल फक्त सीलला वळसा घालून बाटलीत परत जातं, आणि पाय मात्र हळूहळू खाली बसतो. मागचं गेलेलं डोळ्यांनी दिसलंच होतं. पुढच्याचा निकाल चाचणीनं लावायचा होता.

मी गाडीखाली गेलो, गुरुजी सीटवर. "पाय एकदाच दाबा आणि दाबूनच धरा." खालच्याची दांडी थोडी सरकली आणि थांबली. मग, "आता तीनदा मारा आणि धरा." या वेळी दांडी चांगलीच जास्त बाहेर आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू परत आत जाऊ लागली. गुरुजींचा पाय जागचा हललेला नव्हता. त्यानंतर रबरी होजला गोल जबड्याचा क्लॅम्प लावला, म्हणजे खालचा सिलिंडर हिशेबातून बाद. आता पेडल दगडासारखं कडक लागायला हवं होतं. ते आधी कडक लागलं आणि मग तरीही बसत गेलं. दोष क्लॅम्पच्या वर, म्हणजे मास्टरमध्येच.

क्लॅम्पची ही चाचणी नव्या होजवर बेधडक करावी. वीस वर्षांच्या होजवर करायची असेल तर तो होज बदलायचा आहे असं आधीच ठरवून करावी, कारण आतून फुगलेला जुना होज एकदा चिमटला की त्याचा भरवसा संपला. इथं होज बदलायचाच होता. प्लास गुंडाळून होज दाबणाऱ्या पोरांना मी गॅरेजमध्ये ठेवत नाही.

किट की अख्खा सिलिंडर

गुरुजींचा पहिला प्रश्न साहजिक होता: "किट टाकून भागेल ना?" किट म्हणजे सील, स्प्रिंग, बूट, काही शे रुपयांत मिळतं. अख्खा सिलिंडर त्याच्या कित्येक पट. उत्तर उघडल्याशिवाय देता येत नाही, म्हणून उघडलं.

आतलं सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घेतला. पुढच्या सीलची कड एका बाजूनं झिजून धारदार झाली होती. पण किटचा निर्णय सीलवर होत नाही, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर होतो. बोअर स्पिरिटनं पुसला, उजेडासमोर धरला. वरच्या अंगाला आरशासारखा. खालच्या अंगाला, जिथं गाळ बसतो तिथं, काळे ठिपके. ठिपके बघून घाबरायचं कारण नाही, डाग असेल तर पुसला जातो. बोटाचं नख फिरवायचं. नख अडकलं तर तो खड्डा. दोन ठिकाणी नख अडकलं. अशा बोअरमध्ये नवं सील घातलं की पहिले काही आठवडे पेडल छान लागतं, आणि तोवर तो खड्डा नव्या सीलची कड कापत असतो.

खड्डे पडण्याचं कारण पाणी. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. बाटलीचं झाकण, होजचं रबर, कुठूनही. डॉट ३, डॉट ४ या त्याच्या प्रती. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो आणि पाणी मुरलेल्याचा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पाणी मुरलेलं म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाण्यावर मोजलेलं. ब्रेकमध्ये या आकड्यांना जीवनमरणाचा अर्थ आहे, कारण तिथं तेल तापतं. क्लचचं तेल तसं तापत नाही, त्यामुळं मालकाला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात पाणी धातू खात बसतं. ब्रेकचं तेल वेळच्या वेळी बदलणारेसुद्धा क्लचचं तेल गाडी घेतली त्या दिवसापासून तसंच ठेवतात. बाटली वेगळी असलेल्या गाड्यांत हे हमखास.

गुरुजींनी आणखी एक सुचवलं, आणि बेळगावच्या माणसानं ते सुचवणारच: "उद्यमबागेत होन करून आण की." खरं आहे. होन म्हणजे बोअर आतून घासून घेणं. फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकचा माल यांवर आमचं उद्यमबाग उभं आहे. तिथं बोअर होन करून मिळेल, पितळी स्लीव्हसुद्धा (आत बसवायची नवी नळी) बसवून मिळेल. पण होन केलं की माल निघतो आणि बोअर मोठा होतो, सील मात्र मूळ मापाचंच मिळतं. हलके ओरखडे असतील तर ठीक. नखाला लागणारा खड्डा जाईपर्यंत होन केलं तर सील आत सैल बसतं. स्लीव्ह बसवणं हा पक्का इलाज आहे, पण तो ज्याचा सिलिंडर बाजारात मिळतच नाही अशा गाडीसाठी. क्वालिसचा मिळतो. आम्ही नवा घ्यायचं ठरवलं.

मिळतो म्हणजे शोधावा लागतो. बेळगावात एका दुकानदारानं जो काढून दिला तो दिसायला डिट्टो: तेच कान, तीच बाटली, तेवढाच लांब. मी दोन्हींचे बोअर मोजले. जुना ५/८ इंची, म्हणजे १५.८७ मिलिमीटर. हातातला त्याहून मोठा, ३/४ इंची. दुकानदार म्हणाला, "बसतोय की, काय फरक पडतोय?" फरक पडतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ५/८ च्या जागी ३/४ घातला तर तेवढाच दाब आणायला पायाला ४४ टक्के जास्त जोर लावावा लागेल. वर प्रत्येक दाबाला तेलही तेवढंच जास्त ढकललं जाईल, म्हणजे खालचा पिस्टन आणि प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा पुढं रेटली जातील. गुरुजींचा डावा गुडघा आधीच कुरकुरतो. परत केला. योग्य मापाचा कोल्हापूरहून बसनं आला. सीमेवर काही तापलं आणि बस थांबल्या की हा मार्ग बंद पडतो. त्या आठवड्यात सगळं शांत होतं.

खालच्याचं काय? त्याच्या बुटात ओल होतीच. माझं मत ठाम आहे: वरचा नवा घातला की खालच्याला एवढ्या दिवसांत न मिळालेला पूर्ण दाब आणि पूर्ण चाल मिळते, आणि जे सील कसंबसं टिकून होतं ते उघडं पडतं. सिस्टिम एकदा रिकामी करून परत भरायची मजुरीही दोनदा पडते. खालच्याचा बोअर उघडून पाहिला, नख कुठं अडकलं नाही, म्हणून त्याला फक्त किट घातलं. दोन्ही सिलिंडर एकाच पावसात भिजलेले असूनही एकाला अख्खा पार्ट लागला आणि दुसऱ्याला किट पुरलं, यात विसंगती काही नाही. निर्णय नखानं करायचा.

बसवताना

बाटलीतलं जुनं तेल सिरिंजनं काढून घेतलं आणि मडगार्डवर जाड ओलं फडकं पसरलं. पाइपचा नट दहाचा. इथं साधा उघडा पाना लावायचा नाही. गंजलेल्या नटाची टोकं गोल होतात किंवा नटाबरोबर पाइपच पिळला जातो, आणि मग पाइप बनवत बसा. फ्लेअर नटचा पाना, आधी गंजतेल, थोडा वेळ द्यायचा. डॅशखाली पाठीवर पडून पेडलची कॉटर पिन आणि क्लेव्हिस पिन (दांडी पेडलला जोडणारी) काढायची, पत्र्याचे दोन नट सोडायचे, सिलिंडर बॉनेटच्या बाजूनं बाहेर. क्लेव्हिस पिन हातात आल्यावर बघितली तर एका अंगानं खाचलेली होती. पेडलची काही मिलिमीटर चाल या खाचेतच वाया जात होती. पिन नवी घातली. एवढ्या स्वस्त वस्तूकडं कोणाचं लक्ष जात नाही.

नवा सिलिंडर व्हाइसमध्ये धरून, तेल भरून, बाहेरच्या भोकावर बोट ठेवून हळूहळू पिस्टन मारला, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. हे टेबलावर केलं की गाडीवर निम्मी कटकट वाचते.

आता सगळ्यात नाजूक जागा. पेडल पूर्ण वर असताना मास्टरची दांडी आणि पिस्टन यांच्यामध्ये बारीक फट राहायलाच हवी. टोयोटाचं माप पेडलच्या टोकाशी १ ते ५ मिलिमीटर. बोटानं पेडल हलवायचं, दांडी पिस्टनला टेकल्याचं बोटाला जाणवतं. नवा सिलिंडर बसवणारे बरेच जण पेडल 'टाइट' लागावं म्हणून दांडी लांब करून ही फट मारून टाकतात. त्या दिवशी गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण फट नसली की पिस्टन पूर्ण मागं येत नाही, बाटलीकडं जाणारं बारीक भोक सीलखाली झाकलेलं राहतं, आणि इंजिनच्या उष्णतेनं फुगलेल्या तेलाला परत जायला वाट उरत नाही. ते तेल क्लचला किंचित दाबून धरतं. प्लेट घसरू लागते. मग गाडी परत येते, या वेळी पहिल्या जातीची तक्रार घेऊन, आणि शेवटी गिअरबॉक्स खरोखरच उतरवला जातो. एका नटाच्या दोन आट्यांनी चांगली प्लेट जळते. जुन्या सिलिंडरवरची दांडी किती लांब होती हे मापून नवीनवर तशीच ठेवायची, ही पद्धतही इथं चालली नसती, कारण जुनी दांडी आधीच कोणीतरी लांब केलेली होती. लॉकनटवर पान्याचे ताजे ओरखडे होते. झिजलेल्या सीलची तूट कोणीतरी दांडीनं भरून काढायला गेला होता.

एअर काढताना आधी नेहमीची पद्धत: एक जण पेडलवर, एक जण खालच्याच्या निपलवर (हवा सोडायचा स्क्रू), पारदर्शक नळी बाटलीत बुडवलेली. "दाबा. धरा. सोडा." पहिल्या वेळांना पेडल खालीच राहतं, ते हातानं उचलायचं. सगळी हवा काही निघेना. मग खालच्याची दांडी हातानं हळूहळू पूर्ण आत दाबली. आतली जागा कमी होते, तेल वर जातं आणि अडकलेला बुडबुडा वरच्या बाटलीत येऊन फुटतो. असं काही वेळा केल्यावर पेडल जागेवर आलं. नळीतून निघालेलं तेल स्वच्छ दिसलं तरी परत वापरायचं नाही, आणि शेल्फवर गेल्या पावसाळ्यापासून उघडा पडलेला डबाही नाही. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलची. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल तर मुळीच नाही. त्यानं ही रबरं फुगतात आणि वर-खाली सगळंच टाकून द्यावं लागतं.

काम झाल्यावर सांडलेल्या जागी पाणी मारून घेतलं. तपासणी रिव्हर्सवर केली. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी कडी) नसतो, त्यामुळं क्लच पूर्ण सुटतोय की नाही हे तो गिअर लपवू शकत नाही. इंजिन चालू, क्लच दाबून चारेक सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स. आवाज न होता पडला. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून हँडब्रेक सोडला, गाडी जागची हलली नाही.

केबिनमधली चटई बदलली. पत्र्यावर रंग गेलेल्या जागी प्रायमर मारून घेतलं, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच गंज चढेल.

पैसे देताना गुरुजी म्हणाले, "मग प्लेट कधी बदलायची?" मी म्हणालो, चोर्ल्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज वर गेला आणि गाडीचा वेग तसाच राहिला, की त्या दिवशी या. त्या वेळी गिअरबॉक्स उतरेल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलू, कारण बेअरिंग स्वस्त आणि मजुरी महाग. फोर्कचा बॉल आणि फ्लायव्हीलवरचे डागही तेव्हाच बघू. तोवर दर दोन वर्षांनी, पाऊस लागायच्या आधी, क्लचचं तेल बदलून घ्या आणि महिन्यातून एकदा ती लहान बाटली बघा.